आईने ऐकलेलं व्हिएन्ना

व्हिएन्नातलं सगळ्यात मोठं चित्रसंग्रहालय माझ्या आईने कानांनी पाहिलं. डोळ्यांनी पाहायचं राहून गेलं, कारण तिचा मुलगा सिंगापूरला राहतो.

या दोन गोष्टींचा संबंध सांगतो. आम्ही सेरंगून भागात राहतो. मी, बायको मृणाल आणि बारा वर्षांची ईरा. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला गेलं की आधी टेबल धरायचं आणि मग रांगेत उभं राहायचं अशी रीत आहे. टेबल धरायला माणूस लागत नाही. त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की झालं. पाकीट नसेल तर छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, प्रसंगी फोनसुद्धा. कुणी हात लावत नाही. याला म्हणतात 'चोप' करणं. (आई पहिल्यांदा चिंचवडहून आमच्याकडे आली, तेव्हा ईरा तिला म्हणाली होती, "आजी, तू इथेच थांब, बाबा चोप करतोय." आई बिचारी घाबरून म्हणाली होती, "कुणाला गं?")

आई शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या वर्गात एका जुन्या कॅलेंडरचं पान फ्रेम करून लावलेलं होतं. बर्फात बुडालेलं गाव, उतारावरून घरी निघालेले शिकारी, आणि खाली लांबवर गोठलेल्या तळ्यावर काळे ठिपके. छपाई इतकी सुमार की ते ठिपके कशाचे हे कळायचं नाही. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, ती माणसं आहेत की कावळे?" आणि आई दरवर्षी सांगायची, "मूळ चित्र व्हिएन्नात आहे. बघून आले की सांगते." ती निवृत्त झाली तरी ते सांगणं बाकीच होतं. म्हणून यंदा आईला आधी आमच्याकडे बोलावलं आणि ईराच्या मार्चच्या सुट्टीत तिला घेऊन व्हिएन्नाला गेलो.

पहिले काही दिवस आई मान वर करूनच चालली. तिथल्या इमारतींना दाराशी दाढीवाले दगडी पुरुष असतात आणि त्यांनी खांद्यावर अख्खी गॅलरी तोलून धरलेली असते. आई अशा प्रत्येकासमोर थांबायची आणि हळहळायची, "दमला असेल गं." कॅथेड्रलचं रंगीत कौलांचं छप्पर पाहून तिने ते नऊवारीच्या काठासारखं असल्याचा निर्वाळा दिला. खाण्याचेही हाल झाले नाहीत. सफरचंदाचा स्ट्रूडल तिने 'लांबट करंजी' म्हणून स्वीकारला आणि दिवसातून दोनदा खाल्ला. संग्रहालय मात्र तिने मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. गोड शेवटी खायचं, हा तिचा जुना नियम.

तो शेवटचा दिवस रविवार होता. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून आधी एका कॉफीहाउसमध्ये शिरलो. आत ऊब होती, त्यामुळे आईच्या चष्म्यावर वाफ धरली. तिने तो पुसून डबीत ठेवला, डबी टेबलावर ठेवली आणि ती मृणालचा हात धरून बाथरूमला गेली. मी तेव्हा ईराबरोबर काचेच्या कपाटातले केक बघत होतो. (हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मृणालने मला ते बऱ्याचदा सांगितलं.)

"ईरा, टिश्यू दे. टेबल चोप करू आणि ऑर्डर देऊन येऊ."

"टिश्यू संपले. आणि बाबा, इथे कुणी चोप नाही करत, लाह. वेटर येतो." (वाक्याच्या शेवटचं 'लाह' हे तिचं सिंगापुरी शेपूट.)

"वेटरची वाट बघत बसलो तर संग्रहालय बंद होईल."

टेबलावर आईची डबी दिसली. चष्मा आईच्या नाकावर असणार, म्हणजे डबी रिकामी असणार, असं माझ्यातल्या इंजिनिअरने तर्काने सिद्ध केलं. डबी टेबलाच्या मधोमध नीट मांडली आणि ईराला घेऊन केकच्या काउंटरपाशी रांगेत उभा राहिलो. रांगेत आम्ही दोघंच होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की ती रांगच नाही.

परत आलो तर आमच्या टेबलावर एक जोडपं बसलेलं, आणि डबी गायब. मी काळ्या कोटातल्या वेटरला गाठलं. तो प्रसन्न हसला. म्हणाला, काळजी नको, ती विसरलेली डबी त्याने ज्याची त्याला पोचवली आहे. शेजारच्या टेबलावरून आजी-आजोबांचा एक ग्रुप नुकताच उठला होता. त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत पळत जाऊन, अगदी बसच्या दारात, त्याने ती त्यांच्या गाइडच्या हातात दिली होती. एवढं करून तो माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत राहिला. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात आई आणि मृणाल आल्या. आईचं नाक रिकामं होतं.

"आई, तुझा चष्मा?"

"डबीत ठेवलाय की. का रे?"

मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अरे निखिल, चोप तुला द्यायला हवा होता. मी लहानपणी दिला नाही, तिथे चुकलं."

वेटरने गाइडला फोन लावला. बस शहराबाहेरच्या मठाकडे निघाली होती; डबी संध्याकाळी परत मिळेल, पण तोवर संग्रहालय बंद झालेलं असेल. रविवार, म्हणून चष्म्याची दुकानं बंद. दुसरा चष्मा सेरंगूनच्या घरी. विमान पहाटेचं. आणि आईचा नंबर असा की वीतभर अंतरापलीकडे तिला सगळी दुनिया धुकं.

"आपण जाऊ या," आई म्हणाली. "एवढी आले आहे, तर निदान त्याच्यासमोर उभी राहते."

संग्रहालयाचा भव्य जिना आई माझा हात धरून चढली. "खांब कसले आहेत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "उंच." "अरे, वर पानं कोरलीत का?" "हो." "मग नीट सांग ना." आयुष्यात पहिल्यांदा मला चित्रकलेच्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

ते चित्र आलं. आई थेट त्याच्याकडे चालू लागली आणि नाक लावणार एवढ्यात कुठेतरी पीं पीं सुरू झालं. पहारेकरी बाई धावत आल्या, आम्ही माफी मागितली. ईराने चटकन फोटो काढून फोन आजीच्या डोळ्यांपाशी धरला.

आईने तो हळूच बाजूला केला. "फोनमध्येच बघायचं होतं तर चिंचवडला बघितलं नसतं का?"

मग ती समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "निखिल, तू सांग."

मला चित्रातलं काही कळत नाही. पण मी जमेल तेवढं वाकून जे दिसेल ते सांगत सुटलो. शिकाऱ्यांच्या पाठी, दमलेली कुत्री, झाडावरचे कावळे.

"आणि तळ्यावर?" आईने डोळे मिटून घेतले होते.

"माणसं आहेत, आई. सगळी माणसं. घसरत खेळताहेत. ही एक बाई दुसरीला ओढतेय. इथे पोरांचा घोळका. आणि हा बघ, एक जण चांगलाच आपटलाय."

"पडलाय?"

"चारी मुंड्या चीत."

आई हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आणखी सांग." मी पुन्हा वाकलो, पुन्हा पीं पीं झालं, पहारेकरी बाई पुन्हा आल्या. आईच्या चेहऱ्याकडे पाहून या वेळी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी डबी मिळाली. चष्मा लावून आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "केस किती पिकलेत रे तुझे." मला फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे तुझं चित्र राहिलं." ती म्हणाली, "राहिलं कसं? कॉलेजात गेल्यापासून तू माझ्याशी एवढं कधी बोलला होतास?"

चिंचवडला परतल्यावर तिने जुन्या विद्यार्थ्यांना एकेकाला फोन लावले. "माणसंच आहेत रे ती. एक तर चांगलाच पडलाय." निवृत्त शिक्षकांच्या मंडळात या पडलेल्या माणसावर तिचं छोटंसं भाषणही झालं.

परवा आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालत असताना तिचा फोन आला.

"निखिल, शाळेतल्या नव्या बाईंनी मला ते चित्र कॉम्प्युटरवर मोठ्ठं करून दाखवलं. तो पडलेला माणूस आहे ना, ते कुत्रं आहे."

मी जागच्या जागी थांबलो. "अगं बाई. मग आता?"

"आता काय? मी नाही कुणाला काही सांगणार. पण सगळ्यांना सांगून बसलेय, मुलाच्या डोळ्यांनी चित्र पाहिलं म्हणून," आई म्हणाली. "तेवढे ते डोळे तपासून घे, बाळा."