रुईवरची आणि घोळीवरची

शनिवारी सकाळी सव्वासहाला मुकुंदवाडीतून निघाले. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, भिंग, वही, दोन पेन्सिली, पोळी-चटणी. दुसऱ्या दिवशी आमच्या निसर्गमंडळात मला बोलायचं होतं आणि विषय मीच तोऱ्यात जाहीर केला होता: सलग दुसऱ्या दुष्काळात बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुई सोडून घोळीवर (जाड, आंबूस पानांची भाजी) अंडी घालू लागलं आहे. गेल्याच आठवड्यात चितेगावजवळ मी ते पाहिलं होतं. पुस्तकं मात्र रुईच सांगत होती. मी खरी की पुस्तकं, ते आज ठरवायचं होतं.

पैठण रस्त्याला काळी-पिवळी जीप मिळाली. पूर्वी दोन्ही बाजूंना ज्वारी असायची. आता प्लॉटचे दगड, कारखान्यांची कुंपणं आणि टँकरची रांग.

चितेगावच्या अलीकडे उतरले. तिथं जलवाहिनीच्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपतं. करपलेल्या माळावर तेवढाच तुकडा हिरवा. घाईत पाय चिखलात रुतला आणि चप्पल आतच राहिली. ती उपसून दिली मथुराबाईंनी. त्या तिथली घोळ खुडून शहरात विकतात. आभार मानून मी त्यांना माझा शोध सांगितला: रुई वाळली, म्हणून फुलपाखरानं झाड बदललं. त्यांनी नुसतं पलीकडे बोट केलं. माळावर रुई ताठ उभी होती, हिरवीगार.

"दुष्काळानं रुई कवा वाळती का, ताई?" त्या म्हणाल्या. "अन् घोळीवरची ही रुईवाली नायच. ती येगळी, ही येगळी."

मी म्हटलं, तोच तांबूस रंग, तीच काळी किनार.

"सारखं लुगडं नेसलं म्हंजी दोघी एका घरच्या व्हय?"

मी उकिडवी बसले. घोळीच्या वेलातून एक मादी चालत होती. पानाखाली पोट वळवून अंडं चिकटवत होती. भिंग धरलं. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. हिच्या पंखावर एकच होता, वरच्या कडेला.

तेवढ्यात कोतवाल (काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी) तिच्यावर झेपावला आणि हातभर अंतरावरून वळून गेला. कडवा रुईच्या चिकामुळे विषारी, हे पक्ष्याला माहीत. ही गोडी, बिनविषारी, पण कडूचा वेश पांघरून वाचली.

मग एक काळाभोर नर आला. पुढच्या पंखांवर दोन-दोन चांदवे, मागच्यांवर एकेक मोठा, कडेला जांभळी झाक. तो छोटा चांदवा. माझ्या यादीत कितीतरी वर्षांपासून होता. तो तिच्याभोवती घिरट्या घालू लागला आणि थोड्या वेळानं दोघं जोडीनं पानावर बसली.

"त्यो तिचा मालक," मथुराबाई म्हणाल्या. "तुमाला म्हाईत नव्हतं?"

नव्हतं. इतकी वर्षं नवरा माझ्या वहीत एका नावाखाली होता आणि बायको दुसऱ्याच घरात.

मथुराबाईंनी फडक्यातली बाजरीची भाकरी सोडली, मी पोळी. त्या घोळ उपटत नाहीत, शेंडे खुडतात. अंड्यांची पानं तशीच राहतात.

परतताना जीपमध्ये मनातल्या मनात भाषण मोडत होते. पाण्यासाठी आमच्या शहरानं किती सवयी बदलल्या! फुलपाखरानंही सवय बदलली असेल, असं मी धरून चालले होते. ते मात्र आपल्या जागी पक्कं होतं.

संध्याकाळी मंडळाला कळवलं की विषय चुकीचा होता, तरी मी बोलणार आहे. मग जुन्या नोंदी दुरुस्त केल्या. 'ओळख कोणी पटवली' या रकान्यात आजवर पुस्तकांचीच नावं होती. तिथं लिहिलं: मथुराबाई, घोळ खुडणाऱ्या, चितेगाव.