धर्माधिकारी काकूंचा दगड

मंजुषा धर्माधिकारी यांनी आजवर हजारो लोकांचं हसू दुरुस्त केलंय, पण त्यातल्या एकालाही हसताना पाहिलेलं नाही. गुलमंडीजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची डेंटल लॅब आहे. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याची मापं घेऊन पाठवतात आणि मंजुषाताई त्यावरून कवळ्या, कॅपा, ब्रिज बनवून देतात. पेशंट कोण, कुठला, त्याला ती कवळी आवडली का, हे त्यांना कधीच कळत नाही. तक्रार असली तरच डॉक्टरांचा फोन येतो. फोन आला नाही, म्हणजे काम उत्तम झालं असं समजायचं.

दात पांढरा असतो, असं फक्त टूथपेस्टच्या जाहिरातवाल्यांना वाटतं. मंजुषाताईंच्या टेबलावर नमुन्याच्या दातांची एक माळ आहे, तिच्यात पिवळसर, राखाडी, तांबूस अशा छटा आहेत. शेजारचा दात तंबाखूनं रंगलेला असेल तर नवा दातही त्याच रंगाचा करावा लागतो, नाहीतर तो तोंडात पाहुण्यासारखा दिसतो. वैजापूरहून डिप्लोमा करायला आलेली मंजुषा हे शिकली आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत तेच करत राहिली. लोकांना आपलं काम दिसू नये यासाठी जीव तोडून मेहनत करायची, असा हा धंदा. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. फक्त कधीतरी कुणीतरी म्हणावं, “अरे वा, हे तुम्ही केलं?” एवढंच.

तो ‘कुणीतरी’ भेटायची सोय मुकुंदवाडी स्टेशनच्या बाहेर झाली.

जालन्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. गाडी उशिरा होती म्हणून मंजुषाताई बाहेर कडुलिंबाखाली उभ्या होत्या. एक चांगल्या घरचा दिसणारा तरुण झाडाच्या बुंध्याशी वाकून खोडात बोटं घालत होता. पुन्हा मोबाईल बघायचा, पुन्हा बोटं घालायचा.

“काय रे, काय हरवलं?”

तो दचकला. “काही नाही काकू. माझं... ते... किल्ली.”

“किल्ली झाडात कशी जाईल?”

पोरगा ओशाळला. त्याचं नाव विश्वजित, वाळूजच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं खरं सांगून टाकलं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोक छोट्या डब्या लपवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात आणि दुसरे लोक मोबाईल घेऊन त्या शोधतात. सापडली की आतल्या कागदाच्या पट्टीवर आपलं नाव लिहायचं, डबी होती तशी परत ठेवायची आणि वेबसाइटवर ‘सापडली’ म्हणून नोंद करायची.

“आणि मिळतं काय?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही ना, काकू. तीच तर मजा आहे.”

मंजुषाताईंनी चष्मा सारखा केला आणि खोडाकडे पाहिलं. खोडाच्या एका भेगेत सालीचा एक तुकडा बाकीच्या सालीपेक्षा किंचित लालसर होता. त्यांनी नखानं तो ओढला. आत बोटभर नळी होती. विश्वजित अर्धा तास तिथं होता. त्यानं डोक्यावर हात मारला आणि म्हणाला, “काकू, तुम्ही आमच्यात या.”

शहरात हा छंद असलेले सगळे मिळून दोन रिक्षांत मावतील एवढेच. त्यात विश्वजित सगळ्यात पुढे, देशभर फिरून डब्या शोधलेला. त्याच्या मागे सई, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, जिला प्रत्येक रविवारी घरातून बाहेर पडायला कारण हवंच असायचं. मंजुषाताईंना शोधण्यात गोडी होतीच, पण खरा जीव रमला तो लपवण्यात. लॅबमधलं सगळं सामान हाताशी होतं. प्लास्टर, मेण, रंग, ॲक्रिलिक, बारीक ब्रश. त्यांनी खिळ्याचं डोकं बनवलं, जे खिळ्याचं नव्हतं. सुकलेलं शेंगेचं टरफल बनवलं. त्यांच्या डब्या सापडल्या की पोरं फोन करायची, “काकू, कमाल! मी दोनदा हात लावून सोडून दिली होती!” फोन ठेवल्यावर मंजुषाताई उगाचच लॅबमधून एक चक्कर मारून यायच्या.

मग त्यांनी दगड केला.

आत थर्माकोल, थर्माकोलच्या पोटात कागदाची पट्टी ठेवलेली नळी, वरून ॲक्रिलिकचा पातळ थर आणि त्यावर काळ्या खडकाची खरवडलेली भुकटी. रंग आठ वेळा बदलला. नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी, जेवणाच्या टेबलावर तो पाहिला आणि म्हणाले, “दगड घरात कशाला आणला?” त्यावर मंजुषाताई एवढ्या खूश झाल्या की त्या दिवशी शिरा झाला. शेवटी त्यांनी दगडाला ताक फासलं, म्हणजे पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरेल. गोगाबाबाच्या टेकडीवर, वाटेच्या दुसऱ्या वळणाशी एका मोठ्या खडकाखाली, बाकीच्या दगडांत त्यांनी तो दाबून बसवला.

आणि तो कुणालाच सापडला नाही.

पहिल्या महिन्यात मंजुषाताईंना गंमत वाटली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, वर्ष उलटलं. वेबसाइटवर एकामागून एक नोंदी पडत गेल्या, ‘सापडला नाही’. सई चारदा जाऊन आली. विश्वजित किती वेळा गेला ते त्यानं सांगितलं नाही, पण शेवटच्या नोंदीत लिहिलं, ‘माझ्या मते असा दगड अस्तित्वातच नाही. काकूंनी आपल्याला टेकडीवर व्यायामाला पाठवलंय.’ त्याखाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. मंजुषाताई हसल्या नाहीत. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी केलं होतं, आणि ते कवळीसारखंच कुणाला दिसत नव्हतं.

जानेवारीत वेबसाइटच्या तपासनिसाचा निरोप आला. इतके दिवस कुणाला सापडत नाही, तर डबी जागेवर आहे का ते बघा. महिनाअखेरपर्यंत काहीच कळवलं नाही तर ती नकाशावरून कायमची काढली जाईल.

“जागेवर आहे एवढं कळवून टाका ना,” सई फोनवर म्हणाली.

“कळवीन गं. पण मी बघून कळवलं म्हणजे तो वाचला. सापडला नाही. महिना संपायच्या आत एकदा तरी कुणाला तरी सापडू दे. माझ्या हातानं नाही.”

“मग रविवारी तिघं जाऊ. विश्वजितदादाला मी उठवून आणते.”

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी नेहमीची गर्दी होती. इथला एक शिरस्ता आहे. फिरायला येणाऱ्यानं खालच्या टाकीतून पाण्याचा एक कॅन भरून वर न्यायचा आणि वाटेतल्या एखाद्या रोपाला घालायचा. मंजुषाताई, सई आणि विश्वजित मात्र मोबाईल बघत रिकाम्या हातांनी चढले. दुसऱ्या वळणाशी पोचल्यावर मंजुषाताई सहज गेल्यासारख्या खडकाजवळ गेल्या, पदर सावरायच्या निमित्तानं वाकल्या.

खडकाखाली काही नव्हतं. त्यांचा दगड नाही, आजूबाजूचे दगडही नाहीत. नुसती माती.

“काय झालं काकू? चेहरा का पडला?” विश्वजितनं लगेच हेरलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. “अरे, जागेवर नाहीये.”

“म्हणजे आम्ही सव्वा वर्ष नसलेला दगड शोधत होतो?” विश्वजित हसत सुटला. “मी लिहिलं होतं! जाहीरपणे लिहिलं होतं!”

“मी ठेवला होता, विश्वजित.”

त्यांच्या आवाजानं त्याचं हसू आवरलं. तिघांनी आसपास शोधायला सुरुवात केली. सई उताराकडे गेली, विश्वजित एकेक दगड उलटा करून बघू लागला.

“ओ भाऊ! कव्हापासून बघतोय, दगडं काहून उलथीपालथी करायलात? खजिना हाय का काय?”

खालच्या वाटेवरून हातात भरलेला कॅन घेऊन आप्पासाहेब येत होते. मूळचे पाचोडचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात बूट. टेकडीवरच्या झाडांचे ते स्वतःच नेमलेले पालक.

“एक दगड हरवलाय, काका,” सई म्हणाली.

आप्पासाहेबांनी पूर्ण टेकडीवरून नजर फिरवली. “एकच?”

तिघांनाही हसू आलं. मंजुषाताईंनी विचारलं, “या खडकाखालचे दगड कुणी उचलले का हो?”

“आमीच की. मागच्या पावसाळ्यात कॉलेजची पोरं श्रमदानाला आली व्हती. त्यांनी इथली दगडं गोळा करून आळ्यांच्या कडंनं लावली. पाणी वाहून जाऊ नये म्हणून.” त्यांनी खाली हात केला. “ते बगा, त्या लिंबाला बी लावलीत.”

दहा पावलांवर कडुलिंबाचं कमरेएवढं रोप होतं, भोवती मातीचं आळं आणि आळ्याभोवती दगडांचं कडं. मंजुषाताई एकेक दगड बघत गेल्या.

उजवीकडून तिसरा. हिरवंगार, दाट शेवाळ धरलेला. रोज पाणी मिळून त्याचं असं झालं होतं की खुद्द करणारीनं एरवी ओळखला नसता. पण एका बाजूला त्यांनी मुद्दाम केलेली तिरकी धार होती. तोच होता.

तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं. “तो बघ” एवढे दोन शब्द. दगड वाचला असता, तपासनिसाला कळवता आलं असतं. पण मग तो शोधलेला नसता, दाखवलेला असता. मंजुषाताईंनी ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या विद्यापीठाच्या इमारतींकडे बघत राहिल्या.

“काकू, सोडा आता,” विश्वजित हात झटकत म्हणाला. “एवढ्या आळ्यांत कुठं शोधणार? बंद करून टाका. नवा करा, मी पहिल्या दिवशी शोधतो. मला तर भूक लागलीय.”

“थांब की जरा.”

“कशाला?”

मंजुषाताईंनी चष्मा काढून उगाच पदरानं पुसायला घेतला. त्यांची ही तारांबळ चालली असताना आप्पासाहेबच मदतीला आले, स्वतःला न कळता.

“खायचं मागून बगा. रिकाम्या हातानं टेकडी चढता, लाज वाटत नाय का? घे ह्यो कॅन, घाल त्या लिंबाला. हळू घाल, आं. तांब्यानं घालतात. धबधबा नाय करायचा.”

विश्वजितला कुठं तांब्या शोधायचा धीर. त्यानं कॅनचं झाकण काढलं आणि सगळं पाणी एका दमात आळ्यात ओतलं.

“आरं आरं आरं! बदाबदा काय वततो!”

आळं काठोकाठ भरलं. माती सुटली. पाणी एका बाजूनं कडं फोडून वाहायला लागलं, आणि त्या पाण्याबरोबर एक हिरवा दगड अलगद उचलला गेला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि डुलत डुलत विश्वजितच्या बुटापाशी येऊन थांबला.

सईनं बोट दाखवलं.

“दगड पोहतोय,” ती म्हणाली.

“म्या ह्याला रोज पाणी घालतो,” आप्पासाहेब टोपी काढून म्हणाले. “म्हणायचो, काय गुणाचा दगड हाय, पाऊस सरला तरी बी शेवाळ धरतोय! रामसेतूचा हाय का काय ह्यो?”

विश्वजितनं वाकून तो उचलला. हातात घेताच त्याचा चेहरा बदलला, कारण वजनच नव्हतं. त्यानं मंजुषाताईंकडे पाहिलं. त्या तोंडावर पदर धरून उभ्या होत्या आणि खांदे हलत होते.

“काकू! तुम्हाला दिसला होता!”

“मघाशीच.”

“आणि सांगितलं नाही? मी निघालो होतो!”

“सांगितला असता तर तुला सापडला नसता.”

सई नाचायला लागली. मंजुषाताईंनी आप्पासाहेबांना खेळ समजावून सांगेपर्यंत विश्वजित खडकावर बसून दगड फिरवत होता. वरून बघितला, खालून बघितला, कानाशी धरून हलवला. आतली नळी काढून पट्टीवर नाव लिहायचं होतं, सव्वा वर्षातलं पहिलं नाव, पण त्याला तो उघडताच येईना.

“मग माझ्या आळ्याला एक दगड कमी पडला की,” आप्पासाहेब म्हणाले. “सही-बिही झाली की परत लावा. मी रोज पाणी घालीन. आन् कुणी शोधायला आलं तर मी सांगणार नाय, बगा.”

“तिथंच लावू, आप्पासाहेब. नकाशावर नवी जागा टाकते,” मंजुषाताई म्हणाल्या.

“काकू, पण जोड कुठंय?” विश्वजितनं दगडावर बोट फिरवत विचारलं. “कुठंतरी जोड असणारच ना? भुकटी कशी चिकटवली? हा रंग... हे तुम्ही हातानं केलं?”

मंजुषाताई त्याच्या शेजारी खडकावर बसल्या. पायांपाशी ऊन आलं होतं आणि खालून कुणाच्या तरी रेडिओवरची गाणी ऐकू येत होती. त्याला तीन प्रश्नांची उत्तरं एकदम हवी होती. त्यांनी तिसऱ्याचं आधी दिलं.

“हो. हातानंच.”

“आणि जोड?”

“शोध.”