शेपटीवर बसलेलं विमान

विमान शेपटीवर बसलं तेव्हा आनंदाने ओरडण्यासाठी मी तोंड उघडलेलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

शुक्रवारची दुपार, आखातातल्या वादी अदाईतलं आमचं घर, जेवणाचं टेबल. त्यावर आम्ही दोघांनी दोन वर्षं खपून केलेली युद्धकाळातली वाळवंटी धावपट्टी. वाळू खरी, इथलीच, पण मिक्सरमधून काढलेली. कारण बहात्तर पटींनी लहान केलेल्या जगात वाळूचा साधा कणही धोंड्याएवढा दिसतो. मिक्सरचं पुढे काय झालं ते माझ्या बायकोला विचारू नका. पट्टीवर तेलाची पिंपं, एक ट्रक आणि नखाएवढे पाच मेकॅनिक. आणि या सगळ्यांचा राजा, चार इंजिनांचं लिबरेटर बॉम्बर. पोट सुटलेलं, बेढब, आणि माझं भयंकर लाडकं. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं कसलं कौतुक, असं लोक विचारतात. बॉम्बचं नाहीच मुळी. पण त्या पत्र्याचा एकेक सांधा हाताने कोरताना जी मजा येते ती विचारणाऱ्याला काय कळणार!

आम्ही दोघं म्हणजे मी आणि खालच्या मजल्यावरचा मेस्त्री. तो वसईचा, इथल्या एका हॉटेलात सुतार. लहानपणापासून दर नाताळला ख्रिस्तजन्माचा गोठा करणारा. मी पुण्याचा, दिवाळीत किल्ला केल्याशिवाय फराळाला हात न लावणारा. पहिल्यांदा माझ्या घरी अर्धवट विमान पाहिलं तेव्हा तो सरळ खुर्ची ओढून बसला, आणि त्यानंतर आमचा एकही शुक्रवार रिकामा गेला नाही. मी मापं काढायची, त्याने हात चालवायचे. अंगुळभर जागेवरून आम्ही तासन् तास भांडायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

आता त्याचं काम संपलं होतं. व्हिसा रद्द, शनिवारी दुपारी कायमचं परत. विमान तो नेणार, हे आधीच ठरलेलं.

"एवढी वर्षं हॉटेलाचे दरवाजे बसवले," तो म्हणाला होता. "ते काय घरी नेऊन दाखवता येतात? पोरी विचारतात, डॅडी, तिकडे काय बनवलंस? हे एक दाखवीन."

म्हणून त्या दुपारी पहिल्यांदा त्याने पंख खाचेत बसवले आणि विमान तीन चाकांवर ठेवलं. एक चाक नाकाखाली, दोन पंखांखाली. हात सोडला. नाक हळूच वर उठलं आणि शेपूट धप्पकन खाली.

या जातीच्या मॉडेलचं नाक हलकं असतं. अंग चिकटवून बंद करण्याआधी नाकात शिसं भरायचं असतं, हे या छंदातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"शिसं टाकलंस ना तू?" मी विचारलं.

"मी? तू वजन काढत होतास ना, इंजिनीअर? मला वाटलं तूच टाकलंस."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी!"

मी शेपटीखाली काडीचा टेकू लावायचा सुचवला. खऱ्या विमानांनाही जमिनीवर कधी कधी तसा टेकू देत, असंही ऐकवलं. मेस्त्री भडकला. "पोरींना काय टेकू दाखवू? ते आपल्या पायावर उभं राहणार. नायतर इथेच ठेव, मला नको." त्याचे डोळे भरले होते. दोन वर्षांत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

मग माझी नजर पुढच्या चाकाच्या खाचेवर गेली. बोटाचं टोकही जाणार नाही एवढी फट, पण फट होती! आत पोकळी होती! "मेस्त्री, गळाच्या शिशाच्या गोळ्या!"

तो शुक्रवारी पहाटे, माझ्याकडे येण्याआधी, खडकावर बसून मासे धरायचा, डबाभर गोळ्या होत्या त्याच्याकडे. पण डबा कार्गोच्या खोक्यात, आणि खोकं कालच गेलेलं. गाडी काढली, हमरियाचा बाजार गाठला. गळ-दोरीचं दुकान दुपारपुरतं बंद. आम्ही शटरसमोर गाडीत एसी लावून वाट बघत बसलो, लग्नाच्या मुहूर्ताची बघावी तशी. शेवटी मालक आला. मेस्त्रीने त्याला कुलूपही नीट उघडू दिलं नाही. "यल्ला, भाईसाब, जल्दी, यल्ला!"

घरी येऊन एकेक गोळी सुताराच्या पांढऱ्या गोंदात बुडवून चिमट्याने आत ढकलायला लागलो. दर गोळीनंतर हात सोडून बघायचं. शेपूट खाली. पुन्हा खाली. मग एकदा नाक मधेच लोंबकळलं, विचार केल्यासारखं थांबलं. आणखी एक गोळी. टक्! पुढचं चाक टेबलाला टेकलं. आम्ही इतके ओरडलो की शेजारच्यांनी बेल वाजवली. मग ते एक रात्र धावपट्टीच्या वाळूत उभं केलं.

दुसऱ्या दिवशी विमान केकच्या खोक्यात, पंख वेगळे बांधलेले. एअरपोर्टच्या वाटेवर मी त्याला दहादा बजावलं, "बॉम्बर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मॉडेल म्हणायचं." नाकातल्या शिशाचा विचार मात्र दोघांच्याही डोक्यात आला नाही. तो आत गेला आणि थोड्याच वेळात माझा फोन वाजला.

"अडवलंय. मशीनमध्ये नाकात काळा गोळा दिसतोय. फोडून बघू म्हणतात."

"फोडू देऊ नकोस! मासे म्हण! गळ म्हण!"

पुढचं सगळं मी फोनवर ऐकलं. "सर, फिशिंग, फिशिंग! समक!" मासा अरबीतूनही सांगून झाला. मग तिकडच्यांचं अरबीत बोलणं, मग हसणं. मग एक जाड आवाज, "फिश? इन एअरप्लेन?"

"वन मिनिट, सर," मेस्त्री म्हणाला, आणि फोन शांत झाला. तो पंख लावतोय, हे मला न बघता समजलं. गोंद धरला असेल ना? मग पत्र्याच्या टेबलावर बारीकसा आवाज, टक्. पुन्हा टक्. आणि चार-पाच माणसांचा एकदम हशा.

"साहेब शेपूट बोटाने दाबून सोडतोय," मेस्त्री कुजबुजला. "प्रत्येक वेळी नाक खाली येतंय, इंजिनीअर! उभं राहतंय!" मागून तोच जाड आवाज आला, "खलास, यल्ला, गो."

मी पार्किंगमध्ये एकटाच नाचलो.

रात्री वसईहून फोटो आला. टेबलावर लिबरेटर तीन चाकांवर, दोन्ही बाजूंना दोन मुली, आणि मागे मेस्त्री छाती फुगवून.

धावपट्टी अजून माझ्याकडे आहे. मधली जागा रिकामी, मिक्सरच्या वाळूत चाकांचे तीन ठसे, भोवती पाच मेकॅनिक. दुसरं विमान करून ठेव, असं बायको सांगते. माझा हात होत नाही. शुक्रवारी खालच्या दाराचा आवाज आला की अजून मी दुसरी खुर्ची ओढतो.

घरी येणारे विचारतात, "यातलं विमान कुठाय?"

"उडालं," मी सांगतो. "घरी पोचलं."