गोलाचा मागचा दांडा

माझ्या धाकट्या भावाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर लोकांनी त्याला थोर कोच वगैरे करून ठेवलं, म्हणून. तो वेल्डर. आमच्या घराखालीच त्याचं वर्कशॉप. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे करायचा. लग्न केलं नाही, जेवायला वर माझ्याकडे. डोळे कायम लाल, शर्टाला ठिणग्यांनी पाडलेली भोकं. "हा शर्ट आहे की चाळण?" असं मी विचारायची. "हवा खेळती राहते, ताई," म्हणायचा.

फुटबॉलच्या नादाला तो लागला तो भांडणापायी. समोरच्या मैदानात पोरं दगडांचा गोल मांडून खेळायची आणि बॉल दगडाच्या आतून गेला की वरून, यावरून रोज एकमेकांच्या उरावर बसायची. त्या कलकलाटात याचं कामात लक्ष लागेना. एक दिवस वैतागून त्याने पाइप कापले, दोन गोलपोस्ट जोडून दिले आणि म्हणाला, "घ्या, आता भांडा." पोरं भांडायची थांबली आणि याला जी चिकटली ती चिकटलीच. रोज संध्याकाळी मशीन बंद करून हा मैदानात. मिळकत शून्य. वर बॉलमध्ये हवा भरा, फुटलेले गुडघे पुसा, घरून रुसून आलेल्याची समजूत काढा. ऑफसाइड म्हणजे काय, हे एका पोरीने त्याला वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आकृत्या काढून शिकवलं.

ती पोरगी म्हणजे भिंत. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याची मुलगी, गोलकीपर. तिच्या हातून बॉल सहसा सुटायचा नाही, म्हणून हे नाव. दुसरा भिंगरी. आमच्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईचा एकुलता एक. सगळ्यांत लहान, पायाला चाकं लावल्यासारखा. गोल कुठल्याही टीमचा होवो, आनंद यालाच. उडी मारून वरच्या दांड्याला लोंबकळायचा. माझा भाऊ त्याच्यावर ओरडायचा आणि ओरडता ओरडता हसायचा.

आता गोलपोस्टचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. मैदानात सकाळी गाड्या लागायच्या, त्यामुळे खेळ संपला की गोल उचलून कडेच्या भिंतीला लावावे लागत. पहिले गोल जड झाले. पोरांचे हात सोलवटायचे. मग भावाने पातळ पाइपचे नवे केले. चार पोरं सहज उचलतील असे. पण हलका गोल पुढे कलतो. वरच्या दांड्याला कुणी लोंबकळलं तर सगळा सांगाडा तोंडावर येतो. म्हणून त्याने भंगारातून जुन्या यंत्रांची जाड लोखंडी चाकं आणली. प्रत्येक गोलाच्या मागे जमिनीला टेकलेला जो दांडा असतो, त्याला ती चाकं आकड्याने अडकवायची. "आधी वजन, मग बॉल" हा त्याचा एकच नियम, आणि तो त्याने पोरांच्या हाडीमांसी रुजवला होता. आपल्या गोलाची चाकं लावायचं काम भिंतीचं.

त्या दिवशी त्याच्याकडे एक मोठं गेट होतं. आचेने चौकटीला पीळ पडायला लागला की ती जड वस्तूखाली दाबून थंड होऊ द्यावी लागते. हाताशी पुरेसं वजन नव्हतं. हा दुपारी मैदानात गेला आणि भिंतीच्या गोलाची दोन्ही चाकं उचलून घेऊन आला. खेळ सुरू व्हायच्या आत परत नेऊ, असा हिशेब. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. लोखंड दिसलं की ते कशाकशाला उपयोगी पडेल हे वेल्डरच्याच डोक्यात येतं.

चौकट वेळेत थंड झाली नाही. पोरांनी वाट पाहिली, काका येतीलच म्हणून गोल मांडले, आणि खेळ सुरू केला. हा दोन हातांत दोन चाकं घेऊन, धापा टाकत मैदानाच्या कडेला पोचला तेव्हा नुकताच गोल झाला होता. भिंगरीने उडी मारलेली त्याने पाहिली. चाकं तिथेच कडेच्या भिंतीशी टाकून हा धावला. पाइप पोराच्या मानेवर आला होता. दवाखान्यात नेलं तेव्हा ते संपलेलं होतं.

पुढचं सगळं त्या चाकांमुळे झालं. माणसं गोळा झाली, पोलीस आले, आणि ज्याला त्याला कडेच्या भिंतीशी पडलेली ती दोन चाकं दिसली. वजनं लावायचं काम कुणाचं? भिंतीचं. ती पोर रडत सांगत होती, "चाकं तिथे नव्हती." लोक म्हणाले, "अगं, ही काय समोर पडलीत!" माझ्या भावाकडे कुणाचं लक्षही नव्हतं. तो पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, तेव्हा तो बोलला नाही याचं मला काही वाटत नाही. पण नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हाही तो खाली मान घालून बसला, त्याचा मला आजही संताप येतो.

त्याने मला सांगितलं ते जेवताना. घास हातात तसाच.

"ताई, चाकं माझ्याकडे होती."

आमचे हे कोर्टात कारकून. त्यांनी लगेच दार लावून घेतलं. "हे या घराबाहेर जाता कामा नये," म्हणाले. "पोरीला काही कुणी तुरुंगात घालत नाही. अपघात म्हणून मिटेल. हा बोलला तर सरळ गजाआड जाईल."

"आणि त्या पोरीचं काय?" मी म्हटलं.

"लहान आहे. विसरेल."

मी ताट आपटलं. दोघांनाही नाही नाही ते बोलले. भाऊ हात धुऊन खाली गेला, आणि त्यानंतर बरेच दिवस त्याने तोंडाला कुलूप घातलं. मी रोज त्याच्या मागे लागायची, तो रोज "उद्या" म्हणायचा. तिकडे पोरं भिंतीशी बोलेनाशी झाली. टायरवाल्याने तिची शाळा बदलायचा घाट घातला. येईल जाईल तो तिला विचारायचा, "कशी गं विसरलीस?" समजावून विचारायचे, दरडावून विचारायचे, कुणी पाठीवरून हात फिरवून विचारायचे. एके सकाळी ती शिवणकामवाल्या बाईच्या दाराशी उभी राहिली, माफी मागायला. बाईने दार उघडलं नाही. पोरगी उन्हं चढेपर्यंत तिथेच उभी होती. माझ्या भावाने ते वर्कशॉपमधून पाहिलं. हातातला हातमोजा काढला आणि मला हाक मारली, "ताई, चल माझ्याबरोबर."

टायरवाल्याच्या खोलीत भिंत जमिनीवर बसून पाटीएवढ्या आरशाला पाठ करून वेणी घालत होती. भाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गेट, पिळलेली चौकट, दुपारी नेलेली चाकं. "तू विसरली नाहीस. चाकं तिथे नव्हतीच. मी तुला फसवलं." टायरवाला पान्यासकट उभा राहिला. आता हा याला मारणार, असं मला वाटलं. मनातून मला ते हवंही होतं.

पोरीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही काका. चाकं होती. मी आळस केला. मला आठवतंय ना."

"अगं, तूच तेव्हा म्हणालीस की नव्हती!"

"तेव्हा मी घाबरून खोटं बोलले." मग ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू तोच लहान आहे. "तुम्ही मला वाचवायला असं सांगताय. मला माहितीये."

टायरवाल्याचा पाना खाली आला. त्याने माझ्या भावाला उठवून मिठी मारली. "पोरीसाठी एवढं कोण करतं?" म्हणत तो ढसाढसा रडला. मी ओरडून सांगितलं, "अहो, हे खरं आहे!" तर त्याने मलाही नमस्कार केला.

तिथून आम्ही शिवणकामवाल्या बाईकडे गेलो. या वेळी तिने दार उघडलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझा गेला. निदान ती पोर तरी जगावी म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. तुमचं मन मोठं आहे." पोलिसांकडे गेलो. साहेबांनी पाणी दिलं. प्रकरण अपघात म्हणून कधीच मिटलं होतं. "घरी जा आणि जरा झोपा," म्हणाले. भाऊ टेबल धरून उभा राहिला, हालेना. शेवटी मीच त्याला हाताला धरून बाहेर आणलं. सुटला म्हणून आमच्या ह्यांना हायसं वाटलं. मला त्या दिवसापासून त्यांच्या पानात वाढताना हात जड होतो.

आता मैदानात नवा कोच आहे, शिकलेला. गोल सिमेंटमध्ये पक्के रोवलेत, हत्ती लोंबकळला तरी हलणार नाहीत. भिंत खेळत नाही. पण रोज संध्याकाळी येते, गोलाच्या मागे जाते आणि मागच्या दांड्यावर बसून राहते. खेळ संपला, शेवटचं पोर घरी गेलं, की मगच उठते. नव्या कोचने एकदोनदा हटकलं, मग नाद सोडला.

माझा भाऊही मशीन बंद करून तिथे जातो आणि तिच्या शेजारी त्याच दांड्यावर बसतो. रोज तेच सांगतो. गेट, चौकट, चाकं. ती "हो काका" म्हणते, म्हाताऱ्या माणसाला म्हणावं तसं. परवा पाऊस यायची चिन्हं होती, म्हणून मी त्याला बोलवायला गेले. मी येताना दिसले तशी पोरगीच त्याला म्हणाली,

"तुम्ही जा काका. वजनाला मी आहे."