झुलाल नानांचं डिफरक

"बठ्ठं जागावर ठेवं, ते बठ्ठं सापडस," असं झुलाल नाना उठता-बसता म्हणत. बठ्ठं, म्हणजे सगळं. स्वतःचा चष्मा शोधतानाही म्हणत. फक्त तेव्हा आवाज थोडा खाली येई.

दोंडाईचात मोहनलाल शेठच्या धान्याच्या गोदामात नानांनी उभी हयात पोत्यांच्या थप्प्या लावल्या. तूर तुरीपाशी, हरभरा हरभऱ्यापाशी. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा शेठ त्याला हात लावायला भीत. मग विकणाऱ्याने नानांनाच एक गोष्ट शिकवली. आतल्या डिस्कवर एकेका फाइलचे तुकडे विखुरतात, मशीन धिमं होतं. ते तुकडे अधूनमधून गोळा करून ओळीने लावायचे. त्याला डीफ्रॅग म्हणतात. नानांना ते तिथल्या तिथे पटलं. हे तर गोदामच. शब्द तेवढा त्यांच्या कानात 'डिफरक' असा उतरला, आणि अर्थही त्यांनी आपणच लावला: 'डी'मधला फरक काढायचा.

तेव्हापासून दर शनिवारी मारुतीला तेल घालून नाना दुकानात येत. पाठ थकली, गोदाम सुटलं, शनिवार सुटला नाही. गल्ल्याशेजारी त्यांची खुर्ची ठेवलेली असे. पडद्यावर लाल पट्ट्या एकेक करून निळ्या होत, वाळत घातलेल्या मिरचीवर सांज उतरावी तशा. बाजाराला आलेले शेतकरी थांबून बघत. कोणी काही विचारलंच तर नाना बोट वर करत आणि तो गप्प होई. आठवडाभर घरात अडगळ वाटणारा म्हातारा त्या खुर्चीत बसला की बाजाराचा माणूस होई. शेठ स्वतः चहा मागवत.

तरी मशीन धिमंच होत गेलं. बिल छापून निघेपर्यंत गिऱ्हाईक उंबऱ्यावर डुलकी घेई. दुकान आता शेठची सून, रोनकची बायको जिनल बघायची. जळगावची मुलगी, हिशेबाला पक्की. तिने नवी डिस्क बसवून घेतली आणि शनिवारी नाना आले तेव्हा जपून सांगितलं की या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी नाही, तुकडा कुठेही असो, तिला एकाच वेगाने सापडतो. उलट हलवाहलवीने ती झिजते.

नानांना ते मुळीच पटलं नाही. दर शनिवारी एवढं करून जुनी धिमी का झाली, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. जिनलने जुनी डिस्क जोडून उघडली, बराच वेळ बघितली आणि ओठ दाबून विचारलं, "नाना, तुम्ही सी ड्राइव्हला कधीच हात लावला नाहीत?"

"नाव डी-फरक शे ना, बेटा," नाना म्हणाले. "सी-फरक कोठे शे त्यामां?"

डिस्कचे कप्पे दोन, सी आणि डी. दुकानाची सगळी बिलं सीमध्ये होती. डीमध्ये होती शेठची स्तवनं, आणि जिनलच्या लग्नाचा व्हिडिओ.

"म्हणजे दर शनिवारी तुम्ही आमचं लग्नच लावत होतात," जिनल म्हणाली.

"तरी म्हटलं," गादीवरून शेठ बोलले, "रोनकचा स्वभाव बघता एवढं टिकलं कसं."

दुकान हसलं. नानाही हसले, पण हात माउसवरच होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग आते करानं का नही?"

जिनलचं हसू मावळलं. काय विचारलं जातंय ते तिला कळलं. तिने हवं तर जुनी डिस्क जोडूनच ठेवते म्हटलं, शनिवारी तिच्यावर करा. शेठ म्हणाले, काहीच करू नकोस झुलाल, नुसता येऊन बस.

नानांनी माउसवरचा हात काढला. खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"बिनकामनं बसाले एकला शेठ पुरस," ते म्हणाले.

टोपी नीट करून ते पायरी उतरले आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले, पाठीवर पोतं असावं तसे किंचित वाकून, पण रस्त्याच्या मधून. मागून हॉर्न वाजवणारी रिक्षा शेवटी स्वतःच बाजूने गेली. आलेला चहा गल्ल्यावर निवत होता. मोहनलाल शेठ कोणत्याही गिऱ्हाइकासाठी गादी सोडत नसत. ते उठले, अनवाणीच पायरीवर आले, आणि पांढरी टोपी वळणाआड जाईपर्यंत तिथे उभे राहिले.