श्वास पुरवून वापरा

शेजारच्या वहिनींनी दारातूनच सांगितलं, "शैला डॉक्टर गेल्या." सासूबाई मटार सोलत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला. तेव्हापासून लिहीन म्हणतेय, पण ती दुपार ओलांडून पुढे जाताच येत नव्हतं...

गिरगाव सोडून आम्ही भाईंदरला जेसल पार्कात आलो ते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. कोकणात चुलीच्या धुरात सासूबाईंचं निम्मं आयुष्य गेलेलं. विडीला कधी हात लावला नाही, तरी छाती सारखी वाजायची. जिना चढवेना म्हणून त्यांनी उतरणंच सोडलं होतं. कसंबसं खाली उतरवून मी त्यांना शैला डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात श्वासाचा पंप ठेवला, तेव्हा त्या घाबरल्या. "पंप म्हणजे शेवटचंच ना हो? एकदा लागला की सुटत नाही म्हणतात."

"चष्मा लागला तेव्हा घाबरलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

पण पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमेना, औषध नुसतं जिभेवर बसायचं. मग डॉक्टरांनी पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, सुरी तापवून तिच्या बुडाला भोक पाडलं आणि त्यात पंप घट्ट बसवला. औषध आधी बाटलीत सोडायचं, मग बाटलीच्या तोंडाला ओठ लावून सावकाश आत ओढायचं. सासूबाईंना लगेच जमलं!

दवाखान्याच्या बाकावर चौक गावच्या एक कोळीणबाई बसल्या होत्या. "सुई न्हाय देत, तं डाक्टर कसली?" म्हणत त्या उठून गेल्या. अशा कितीतरी जणी गेल्या. मी काळजीने बोलले, तर डॉक्टर म्हणाल्या, "सुईने त्यांना आज बरं वाटेल गं. मला त्यांचा पुढचा पावसाळा बघायचाय." पुढच्या पावसाळ्यात त्याच बाई सुनेच्या आधाराने, धापा टाकत परत आल्या. डॉक्टरांनी मागचं काही काढलं नाही. त्यांना तपासलं, पंप दिला आणि तपासणीला आलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, बाटली तुम्हीच दाखवा यांना."

नंतर एकदा डॉक्टर आमच्या घरी आल्या आणि जिना बघून तडक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. "शाहभाई, सेकंड फ्लोअर पे एक कुर्सी रखवा दो. मेरी दवा से ज्यादा काम करेगी." शाहभाई जागेची अडचण सांगत राहिले. डॉक्टरांनी दवाखान्यातलीच एक खुर्ची पाठवून दिली. सासूबाईंना सांगितलं, "आपल्याकडे पाणी पुरवून वापरतो ना? तसाच श्वास पुरवून वापरायचा. बसायचं, ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायची, मग उठायचं." त्यानंतर सासूबाई स्वतः बाजारात जाऊन मासळी आणायला लागल्या, भावात घासाघीस करून!

त्या दुपारी मटार तसेच टाकून सासूबाई डॉक्टरांचं शेवटचं दर्शन घ्यायला निघाल्या. खाली रिक्षा थांबलेली. दुसऱ्या मजल्यावर त्या खुर्चीत बसल्या. डोळे वाहत होते, श्वास मात्र हळूहळू, फुंकर घालत सोडत होत्या...

"आई, उशीर होतोय," मी म्हणाले.

"होऊ दे. त्यांच्यासमोर धापा टाकत नाही जायची मी."