फेट्यातल्या अक्षता

आमच्या ह्यांनी साठी ओलांडली आणि त्यांना नटायची हौस आली. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आता कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, म्हातारपणी माणूस चार बरे कपडे घालतो, घालू दे की. पण आम्ही राहत होतो बेटावर. नदी आमच्या वरच्या अंगाला दोन फाटे करते आणि थोडं खाली जाऊन पुन्हा एक होते. त्या मधल्या तुकड्यावर दहा-बारा घरं, उसाची रानं, म्हशी आणि एक म्हसोबा. कोल्हापूर जवळच, पण मध्ये पाणी. खालच्या बंधाऱ्यामुळं ते बारा महिने असायचं, म्हणून मिठाची पुडी आणायची तरी नाव काढावी लागायची. अशा जागी नटून दाखवायचं कुणाला? म्हशीला? ज्या माणसानं लग्नानंतर गुडघ्याएवढं धोतर, अंगात बंडी आणि डोक्याला पंचा यापलीकडं काही घातलं नाही, तो एक दिवस शहरातनं पांढरेशुभ्र सदरे शिवून आणतो, तेव्हा बायकोनं काय समजायचं? मी जे समजायचं ते समजले.

सदऱ्यांच्या मागोमाग गुलाबी फेटा आला. मग नवं पायताण आलं, तेही साधं नाही, विंचू घातलेलं. विंचू म्हणजे चावणारा नव्हे. चामड्याच्या दोन थरांमध्ये एक बी दडवतात, त्यानं चालताना कर्र कर्र आवाज येतो. आमच्याकडं पैलवान आणि पुढारी असलं पायताण घालतात. आमचे हे दोन्हीतले नव्हते. मिशीला कलप लागला. कानात अत्तराचा फाया आला. आणि ज्यानं जन्मात स्वतःच्या हातानं प्यायचं पाणी घेतलं नाही, तो पितळी तांब्यात निखारे भरून सदऱ्याला इस्त्री करायला बसला. सुना चुलीपाशी बसून तोंडात पदर कोंबून हसायच्या. म्हातारचळ हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. सुनांना झापलं, पण शब्द काही मनातनं गेला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे इस्त्री घरात उघड, पण घालणं चोरून चाललं होतं. नावेत बसताना अंगावर जुनीच बंडी, नवं सगळं पिशवीत. पलीकडं उतरले की नावाड्याच्या खोपटात शिरायचे आणि बाहेर यायचे ते इनामदार होऊन. परत येताना पुन्हा खोपटात, पुन्हा बंडी. हे मला शेजारणीनं सांगितलं, आणि सांगताना तिला जो आनंद झाला होता तो मी विसरलेली नाही. नावाड्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, मला काय ठावं वैनी, मी पाण्यावरचा माणूस. लबाड मेला. बोलताना माझ्याकडं न बघता वल्ह्याकडं बघत होता.

आणि ही थेरं सुरू झाली ती धाकट्या लेकीचं लग्न जमवायच्या वेळी. थोरल्या दोन्ही पोरांची लग्नं होऊन सुना घरात आल्या होत्या. धाकटी पंचविशीला टेकली तरी घरातच. पोरगी देखणी, कामाला वाघीण, पण बेटावरची. बघायला आलेले पावणे नावेत बसले की त्यांचं तोंड उतरायचं. पावसाळ्यात सोयऱ्यांकडं पोहत यायचं का, असं एकानं तर तोंडावर विचारलं होतं. आता पन्हाळ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या कचेरीत कारकून, फोटो बघून त्यानं होकार कळवलेला. पाऊस लागायच्या आत बघायला येणार होते, कारण एकदा पूर आला की चार महिने बेटाकडं कोण फिरकत नाही. तोवर त्यांची माणसं आमची चौकशी करणार, हे ठरलेलं. मुलीचा बाप अत्तर लावून पेठेत हिंडतो, एवढं कानावर गेलं असतं तरी हेही स्थळ हातचं गेलं असतं.  भाकरी थापता थापता धाकटीचा हात थांबायचा आणि ती नदीकडं बघत बसायची. 

एका दुपारी ह्यांचा फेटा उन्हात टाकावा म्हणून उलगडला, तर आतल्या घडीतनं तांदूळ पडले. कुंकवात घोळलेले, तांबडे. अक्षता.  आमच्या नात्यात त्या महिन्यात कुणाचं लग्न नव्हतं. घरात आलेली प्रत्येक पत्रिका मीच वाचून दाखवायची, ह्यांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं. मग ह्या अक्षता कुठनं आल्या? कुणाच्या तरी डोक्यावर पडल्या होत्या, आणि डोकं आमच्या ह्यांचं होतं. नवे सदरे, कलप, अत्तर, घरी आल्यावर भूक नाही म्हणायचं, आणि वर ह्या अक्षता. सरळ आहे की. माणसानं साठी उलटल्यावर माझ्या उरावर सवत आणून बसवली होती. मी रडले नाही. तांदूळ गोळा करून पदराच्या गाठीला बांधले, फेटा होता तसा घडी करून ठेवला आणि ठरवलं, मुद्देमालासकट धरायचं.

पुढच्याच आठवड्यात पिशवी पुन्हा भरली गेली. ह्यांची नाव पलीकडं लागली तशी दुसऱ्या खेपेला मी बसले. अंबाबाईला जाऊन येते, असं सुनांना सांगितलं. नावाड्याचं वल्हं फार सावकाश चालत होतं, म्हणून मी त्याला हात चालवायला सांगितलं. हे खोपटात नटत होते तोवर मी पोचले, आणि ह्यांच्या मागं मागं मंगळवार पेठेत शिरले. दिसत नसले तरी अडचण नव्हती, पायताण पुढं वाजतच होतं. एका बोळात ते वाजायचं थांबलं. तिथं मांडव होता, सनई होती, बायका नटून उभ्या होत्या, आणि आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. माणसांच्या डोक्यांवरनं मला ह्यांचा गुलाबी फेटा दिसला, अगदी अंतरपाटाला लागून.

मग मला काही सुधरलं नाही. दोन्ही कोपरांनी वाट काढत मी पुढं घुसले. एका बाईच्या पायावर पाय दिला, एकीचा गजरा तुटला. तोंडात शिवी तयार होती. पुढं जाऊन बघते तर पाटावर वीस-बावीस वर्षांची एक पोर माळ घेऊन उभी, अंतरपाटापलीकडं तेवढाच एक पोरगा, आणि आमचे हे त्या पोरीच्या पाठीशी हात जोडून उभे. शेजारच्या बाईला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, मुलीचे मामा. मी म्हटलं, ह्यांना बहीणच नाही. ती माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तशी बघायला लागली.

मला मांडवाबाहेर आणलं ते शिंप्यानं. पेठेतला हा मुसलमान शिंपी कैक वर्षं आमच्या घरातले कपडे शिवत होता. त्यानं पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या दुकानावरच्या खोलीत एक विधवा बाई राहायची. तिच्या मुलीचं लग्न ठरायला बैठक बसायची होती, आणि घरात बाप्या माणूस नव्हता. मुलाकडचे माजले होते, मुलीकडनं बोलणार कोण म्हणून अडून बसले होते. नेमके आमचे हे तेव्हा बंडीचं माप द्यायला आलेले. शिंप्यानं कुणाचा तरी तयार सदरा ह्यांच्या अंगात घातला, डोक्याला फेटा गुंडाळला आणि मुलीचे मामा म्हणून वर नेऊन बसवलं. हे लोडाला टेकून असे काही बसले की सोयऱ्यांचा आवाज आपोआप खाली आला. लग्नात पाठीशी मामा उभा राहावा लागतो, तिथंही हेच राहिले. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. ज्या घरात वडीलधारं कोण नाही, तिथं आमचे हे वडीलधारे. शिंपी म्हणाला, "मीच हुभा ऱ्हायलो असतो वैनी. पर ह्या दाढीला मामा कोण म्हणणार?"

सवत नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला, तो लगेच पुन्हा वर आला. ही तर फसवाफसवी. उद्या पन्हाळ्याच्या माणसांनी ह्यांना असल्या एखाद्या मांडवात बघितलं, की म्हणणार, ह्या घरात मामा भाड्यानं मिळतो, मुलगी तरी खरी कशावरनं? परतीच्या नावेत मी तोंड सोडलं. म्हातारचळ म्हटलं, सोंगाड्या म्हटलं, धाकटीच्या नशिबात माती कालवतोय म्हटलं. नावाडी पाण्याकडं बघत होता. ह्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "घरात मला कोण इचारतंय? ऊस कवा तोडायचा, म्हस कुठली इकायची, पोरं परस्पर ठरीवत्यात. तितं मी बरं म्हणल्याबिगर सुपारी फुटत न्हाई."

 खरंच होतं ते. मी तरी कधी विचारलं होतं? घरात हे असायचे, खुंटीवर पंचा असतो तसे. वाईट वाटलं, फार वाटलं. पण म्हणून मी सैल सोडलं असं नाही. जो माणूस आज मामा होतो, तो उद्या काका होईल, त्याचा काय भरवसा? पावणे येऊन जाईपर्यंत फेटा आणि पायताण मी धान्याच्या कणगीत घालून ठेवलं.

ज्येष्ठ अर्धा सरला तेव्हा ते आले. मुलगा आणि सोबत त्याचे चुलते. घोंगडी अंथरली, पोरं समोर बसली, हे नेहमीसारखे कोपऱ्यात. मी माजघराच्या दाराआड. आमच्यात बाई बैठकीत येऊन बसत नाही, दाराआडनं ऐकायचं असतं. मुलगा सावळा, खाली मान घालून बसलेला. मला आवडला. पण चुलत्यांकडं बघितलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांचा फेटा नवाकोरा होता आणि सारखा कपाळावर उतरत होता. बोलणं मोठं, पण पुतण्याविषयी काही विचारलं की आधी पुतण्याकडं बघायचे. हे सगळं मी मंगळवार पेठेत बघून आले होते. मी दाराआडनं विचारलं, मुलाचं आजोळ कुठलं?

चुलते खाकरले आणि म्हणाले कराडकडचं. त्याच वेळी मुलगा म्हणाला गडहिंग्लज.

 थोरला पोरगा ताडकन उठला. आम्हाला फसवायला आलात काय म्हणाला, नाव तयार आहे म्हणाला. धाकटा त्याच्या पाठोपाठ उठला. ते चुलते फेटा सावरत बाहेर बघायला लागले. माझ्या शेजारी धाकटी पोह्याचं ताट घेऊन उभी होती.  तिनं ताट खाली ठेवलं आणि चुलीकडं वळली, आणि मला कळलं की आता ही पुन्हा कुणापुढं ताट घेऊन उभी राहणार नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातनं आवाज आला. हे थोरल्याला म्हणाले, खाली बस. आमच्या घरात ह्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. थोरला बसला. मग हे मुलाला म्हणाले, "पावणं, खरं सांगा. तुमचं कोण हाय?"

मुलानं मान वर केली. आई-बाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं, तोही गेला, असं त्यानं सांगितलं. हे चुलते म्हणजे त्याचे घरमालक. एकटा आहे म्हटलं की कोण मुलगी दाखवत नाही, म्हणून त्यांना घेऊन आला होता. "माझं कोण न्हाई," तो म्हणाला.

हे उठले. अंगात बंडी, गुडघ्याएवढं धोतर. घोंगडीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि त्या मुलाच्या शेजारी मांडी घालून बसले. आमच्या दोन्ही पोरांकडं बघून म्हणाले, "बोला आता. पोराकडनं मी हाय. पोरीकडनं कोण बोलतंय?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. बापाच्या समोर बसून सोयरीक कशी बोलायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.  मग मीच पदर खोचला, उंबरा ओलांडून बाहेर आले आणि घोंगडीवर ह्यांच्या समोर जाऊन बसले. सुनांनी आत तोंडावर हात ठेवला असणार, मी मागं बघितलं नाही.

"मुलगा एकटा हाय म्हणता," मी म्हणाले. "मग आमच्या पोरीला सासू-सासरा कोण?"

हे माझ्याकडं सरळ बघत म्हणाले, "आपुनच की."